आजींचं म्हणणं

जव्हार,
१९ एप्रिल २०२५

प्रिय तुळशीदास,

आईचं बोलणं पुरतं संपलंही नव्हतं, तेवढ्यात तू माईक हातात घेतलास.

तिथूनच सुरुवात करते. बाकी ठीक. तू, प्राजक्ता आणि लेकरू बरे असाल. इथे ऊन फार आहे. सभा संपल्यावर तुम्हा विद्यापीठाच्या साहेबलोकांची गाडी लगेच ठाण्याला निघाली, म्हणून बोलणं झालं नाही. फोन केला तर तू "ताई, मीटिंगमध्ये आहे" म्हणतोस. पत्राला मध्येच थांबवता येत नाही.

सभा चांगली झाली, असं तुमच्या लोकांना वाटलं असणार. विद्यापीठ वाढवण्याबद्दल नागरिकांच्या शंका ऐकायच्या होत्या, त्या ऐकल्या. सुदर्शन टेलर बोलला ते तरी लक्षात असेल. विद्यापीठाला घरपट्टी माफ, म्हणून आमची वाढली. वसतिगृहाच्या टाक्या भरतात आणि बाजारपेठेत नळ कोरडे.

"पूर्वी सूर्यमाळकडची माणसं टँकरमागं धावायची, आपण बघत बसायचो," तो म्हणाला. "आता आपणच धावतो. हंडा भरायची पदवी काढा साहेब, अख्खं जव्हार पहिल्या वर्गात पास होईल."

सगळे हसले. तुमचे साहेबही हसले. "चांगली सूचना" म्हणाले आणि पुढच्याला बोलावलं.

माझी खोली मालकाने मागितली आहे. एका बाईच्या जागेत चार विद्यार्थी झोपतात. त्याला मी दोष देत नाही. जूनपासून पाड्यावर आईकडे राहीन, तिथून आश्रमशाळेत येईन. पाडा राहिला तर.

मग आई उठली.

नव्या इमारती वरच्या उतारावर येणार आहेत. आपला राब तिथेच होतो. पाला, झाडांच्या फांद्या तोडून आणलेला टाहळ, शेण पसरून भाजायचं आणि त्या राखेत भाताची रोपं करायची. ती जागा गेली तर खालची शेतं असून नसल्यासारखी. हे तुला सांगायची गरज नाही. सभेत तू सांगितलं नाहीस, म्हणून इथे लिहिते.

रागावली की आई मराठी सोडते. आपल्या बोलीत बोलली. साहेबांना कळेना. तू म्हणालास, "मी सांगतो, सर." मला बरं वाटलं. खरंच वाटलं. म्हणूनच तर याला शिकवलं, असं मनात आलं.

ती काय म्हणाली ते मराठीत लिहिते. शाळेत रोज मी हेच करते, मुलांच्या बोलीतून मराठीत. पदरचं घालत नाही, काही गाळत नाही.

"पहिल्यांदा आलात तेव्हा म्हणालात, तुमची पोरं शिकतील. आम्ही खालचा माळ दिला. माझा पोरगा शिकला. तो काय, तुमच्या शेजारी बसलाय. राब म्हणजे काय, त्याला विचारा. एवढासा होता तेव्हा राबाच्या कडेला टाहळाच्या सावलीत निजवायची मी त्याला. एक पोरगा शिकवायला तुम्ही किती डोंगर खाणार? वरचा उतार मी देणार नाही. मेले तरी नाही."

तू माईकवर म्हणालास, "विद्यापीठामुळे मुलं शिकली, याबद्दल आजींनी समाधान व्यक्त केलं आहे. पारंपरिक शेतीच्या अनुषंगाने त्यांच्या काही भावना आहेत. त्यांचा योग्य तो विचार व्हावा, असं आजींचं म्हणणं आहे."

टाळ्या झाल्या.

तू घाबरला होतास, हे मला दिसत होतं. नोकरी अजून कायम नाही, तेही माहीत आहे. "देणार नाही"चं तू "विचार व्हावा" केलंस, ते एक वेळ मी गिळलं असतं. खोलीच्या मालकाशी बोलताना मीही तसलंच गोड बोलले.

परतताना जीपमध्ये आई खुशीत होती. टाळ्या वाजल्या म्हणजे ऐकलं, असा तिचा समज. बाजाराचं मराठी तिला येतं, तुझं कळलं नाही. राब वाळलाय, उद्या सकाळी वारा पडलेला असतानाच भाजू, हेच वाटभर चाललं होतं. पाडा जवळ आला तेव्हा म्हणाली, "सरू, तुळशा आजी कोनाला म्हनत होता गं?"

मी म्हटलं, मागे वावर गावची एक म्हातारी बसली होती, तिला.

"मंग तिचंबी काम झालं म्हनायचं," आई म्हणाली.

हे लिहायचं नाही असं ठरवून पत्राला बसले होते.

उद्या वरच्या उताराची मोजणी आहे, हे तिला ठाऊक नाही. तू सांगशील, असं मी धरून चालले होते. आता मलाच सांगावं लागेल.

यापुढे तू घरी यावंस की नाही, ते मी ठरवणार नाही. घर तिचं आहे.

गौराबाईची मुलगी,
सरू

ता. क. काल पत्र टाकायचं राहिलं. आज सकाळी मी पाड्यावर पोचले. आई राब भाजायला उतारावर गेली, तेव्हा मोजणीवाले आधीच आले होते. मी तिला बांधावर थांबवलं आणि तुझं बोलणं आपल्या बोलीत सांगितलं, आजीसकट. तिने ऐकून घेतलं. मग एका मोजणीवाल्याकडे काडेपेटी मागितली आणि राब पेटवला. धूर विरेपर्यंत ते लोक थांबले. नंतर त्यांनी मोजणी केली.