पडद्यामागे दोघी

६ फेब्रुवारी

ती. स्व. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, कारण लिहायला बसले की नुसती चिडचिडच कागदावर उतरायची आणि तो कागद टोपलीत जायचा. आज मात्र बातमी आहे. माझं गाणं मोठ्या वाद्यवृंदाने घेतलं! तेच, आई गेल्यावर लिहायला घेतलेलं. मे महिन्यात सभागृहात होणार आणि रेडिओवरही लागणार.

आता उरलेली चिडचिड ऐक. गायिका कोण ते अजून ठरायचंय म्हणे! अगं, सोप्रानोसाठी लिहिलंय, म्हणजे बाईचा सगळ्यात उंच आवाज, आणि तो आवाज माझा आहे. श्वास कुठे घ्यायचा तेसुद्धा माझ्याच छातीच्या मापाने बेतलंय. पण ऑपेरावाल्यांना मी 'त्या शिकवणाऱ्या बाई', शाळेला 'त्या गायिका' आणि संगीतकारांच्या बैठकीत 'गातात ना, त्याच'. जिथे जावं तिथे मी दुसरीकडची. त्यात शाळेने माझा वर्ग ड्रम शिकवतात त्या खोलीशेजारी हलवलाय. भिंत थरथरते आणि मी पोरींना म्हणते, हळुवार गा.

वाद्यवृंदाचे संचालक हातातल्या बारीक छडीशिवाय एक वाक्य बोलत नाहीत, म्हणून मी त्यांना छडीवाले म्हणते. त्यांना विचारावं की गप्प बसावं, या विचाराने डोकं उठलंय. भावोजींना नमस्कार. लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
पिपाणी

१५ फेब्रुवारी

चि. पिपाणीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र दुकानातच फोडलं आणि आनंदाच्या भरात एका आजोबांना वाचायचा चष्मा द्यायचा तो लांबचा दिला. ते बिचारे दारापर्यंत खांबांना चुकवत गेले. तुझे भावोजी शिडीवरून पडून पाय प्लॅस्टरमध्ये घालून बसलेत. स्वतः दिवा बदलायचा हट्ट, दुसरं काय! तेव्हा मे महिन्यात मला यायला जमेलसं दिसत नाही. रेडिओ आहे, त्यालाच कान लावीन.

लहानपणापासून तुझं हे असंच. हवं ते मागायचं नाही आणि दिलं नाही म्हणून गाल फुगवून बसायचं. तो छडीवाला काय मनकवडा आहे? सरळ जा आणि सांग, गाणं माझं आहे, मीच गाणार. आईचं गाणं मला तुझ्याच आवाजात ऐकायचंय, दुसऱ्या कुणाच्या नको.

वेळेवर जेवत जा. पत्र टोपलीत न टाकता पेटीत टाकत जा.

तुझी,
अक्का

२ एप्रिल

ती. स्व. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

विचारलं. छडीवाले म्हणाले, नियम सगळ्यांना सारखा, गायिका ऑडिशन घेऊनच निवडतात. मी म्हटलं, माझ्याच गाण्यासाठी मी परीक्षा द्यायची? तर म्हणाले, पडद्यामागून गायचं असतं, त्यामुळे कुणावर अन्याय होत नाही.

त्याच आठवड्यात माझी विद्यार्थिनी आली. अंगाने टाचणीएवढी, म्हणून आम्ही टाचणीच म्हणतो. ऑडिशनला बोलावलंय, तयारी करून घ्या म्हणाली, आणि पियानोवर माझंच गाणं मांडून उभी राहिली. पोरीचा चेहरा पांढराफटक पडला होता. तुम्ही नको म्हणालात तर जाणार नाही, म्हणाली. मी काय नको म्हणणार? शिकवलं. सगळं शिकवलं. कुठे थांबायचं, कुठल्या शब्दावर आवाज बारीक करायचा, आई कशी बोलता बोलता मध्येच हसायची ते गळ्यात कसं आणायचं, सगळं.

काल आम्ही दोघी पडद्यामागून गायलो आणि तिथेच निकाल लागला. छडीवाले पडद्यापलीकडून आनंदाने म्हणाले, पहिला आवाज निर्विवाद. हे गाणं जिने लिहिलं तीच गातेय हे लगेच कळतं. दुसरीही तयार आहे, पण जरा कुणाची तरी नक्कल करते. अक्का, दुसरी मी होते. पडदा बाजूला झाला आणि त्यांच्या हातातली छडी पडली.

खूप ओशाळले. आता म्हणतायत, तुमचं गाणं, तुम्ही म्हणाल तसं करू. टाचणी रडत म्हणाली, मी नाव मागे घेते. मला दोघांना खोलीबाहेर हाकलावंसं वाटलं. काय करू, लवकर कळव. लोभ ठेव, सध्या मला तो फार लागतोय.

तुझी,
पिपाणी

९ एप्रिल

चि. पिपाणीस,
अ. उ. आ.

यात विचारायचं काय? घे! साधुसंत व्हायला उभा जन्म पडलाय. टाचणीचं वय आहे, तिला आणखी गाणी मिळतील. त्या छडीवाल्याच्या कानांसाठी माझ्याकडे चष्मा असता तर फुकट पाठवला असता. भावोजी पाय आपटून म्हणतायत, पिपाणीच गाणार. प्लॅस्टरचाच आपटला, मग कळवळले.

तुझी,
अक्का

१६ एप्रिल

ती. स्व. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

सांगून टाकलं. मीच गाणार. टाचणीने मिठी मारली, त्यामुळे आणखीनच अपराधी वाटलं, पण मी मागे हटले नाही. आता रोज तालमी आहेत, पत्र लिहायला सवड होणार नाही. रेडिओ वेळेवर लाव.

तुझी,
पिपाणी

१२ मे

चि. पिपाणीस,
अ. उ. आ.

काय गायलीस गं! नेमकं एक गिऱ्हाईक आलं, म्हणून रेडिओ लावायला उशीर झाला आणि निवेदन हुकलं. पण पहिल्या ओळीलाच मी त्या बाईंना म्हटलं, ही माझी धाकटी बहीण. पैजेवर सांगितलं असतं. तो मध्येच हसल्यासारखा स्वर आला आणि मला रडूच कोसळलं. त्या बाईही चष्मा काढून डोळे पुसायला लागल्या. इतकी वर्षं तुझा आवाज ऐकतेय, पण एवढी 'तू' तू कधीच वाटली नव्हतीस. आई ऐकत असेल बघ. भावोजींचे आशीर्वाद. पोटभर झोप काढ.

तुझी,
अक्का

२० मे

ती. स्व. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

रेडिओवर मी नव्हते. ती टाचणी होती.

माझं कुणी काही हिसकावलं नाही, आणि त्याचाच जास्त त्रास होतोय. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी शेवटची तालीम होती. मी गायला उभी राहिले, पण पितळी वाद्यं आवाजावर चढतायत का ते मला मंचावरून कळेना. गाताना आपलाच आवाज कानात भरलेला असतो. म्हणून तालीम ऐकायला आलेल्या टाचणीला म्हटलं, जरा माझ्या जागी उभी राहा, मी खालून ऐकते. खाली आले आणि एकेक चूक ऐकू यायला लागली. बासऱ्या उशिरा, व्हायोलिन नको तिथे दाट. मी ओरडून सांगत होते आणि छडीवाले मुकाट्याने सुधारत होते. आणि मग एकदा ते गाणं माझ्या डोक्यात होतं अगदी तसं वाजलं.

छडीवाल्यांनी मला वर यायची खूण केली. मी हलले नाही. वर गेले असते तर ते पुन्हा विसकटलं असतं आणि खाली ऐकायला कुणी उरलं नसतं. कार्यक्रमातही गाणं लिहिणाऱ्या बाईने गाणाऱ्या बाईला खुर्चीत बसवून ठेवलं. त्या लिहिणारीचा मला इतका संताप आलाय की सांगता सोय नाही. मला गायचं होतं गं.

छडीवाले चुकले ते मी सोसलं, ते परके. तू तर माझी शिंकसुद्धा भिंतीपलीकडून ओळखायचीस. दोष तुझा नाही, टाचणीचाही नाही. इतकं चांगलं शिकवायला नको होतं असं मनात येतं, आणि ती वर्गात आली की मी पुन्हा शिकवायला लागते.

सुट्टी लागली की मी तुझ्याकडे येतेय. दुकान बंद ठेवायचं, भावोजींना खुर्चीत बसवायचं, आणि मी तुमच्यासमोर उभी राहून आईचं गाणं गाणार. डोळे मिटून ऐकायचं नाही, माझ्याकडे बघत ऐकायचं. लोभ असू दे, पण या वेळी माझ्यावरच.

तुझी,
पिपाणी