कुंकवाची पावलं

बाबा, आज धाकटीसाठी बुटाच्या आत घालायचे नवे आधार आणले. पन्नाशी उलटली, तरी बाईसाहेब फळ्यापुढे उभ्या राहूनच शिकवतात. तुम्ही असतात तर चार घरं सांगत फिरला असतात.

मुलुंडच्या आपल्या दोन खोल्यांत गौरी यायच्या, तेव्हा कुंकवाच्या पाण्यात पाय बुडवून उंबऱ्यापासून पावलं उमटवायचा मान तिचा. टाच आणि चवडा उमटायचा, मधली फरशी कोरीच. "आमच्या घराण्याचो पाय तो!" तुम्ही येईल त्याला सांगायचात. ज्याचं एवढं कौतुक केलं, तीच आजाराची खूण होती, हे आपल्याला कुठलं कळायला! दहाव्या वर्षी ती सपाट रस्त्यावर अडखळायला लागली. चप्पल निसटून मागे राहायची आणि हिला पत्ताच नाही. एकदा त्यावरून तुम्ही तिला धपाटा घातलात. मला तुमचा फार राग आला होता, बाबा.

मी अकरावीत होते. मोठ्या इस्पितळात तिच्या पायाला तारा लावून विजेचे बारीक झटके दिले. ती आधी "आई गं!" ओरडली आणि मग हसायलाच लागली. पाय मात्र जेमतेम हलला. डॉक्टर म्हणाले, नसा मंद चालतायत. घरात आणखी कुणाला असेल तर हा आजार पिढीजात, सावकाश वाढणारा, जिवाला धोका नाही. कुणालाच नसेल, तर पायातल्या नसेचा तुकडा कापून तपासावा लागेल. "तुमचे पाय कसे आहेत?"

"माझ्या पायांक काय धाड भरली?" तुम्ही म्हणालात. धाकटी माझा हात घट्ट धरून बसली होती. तुम्ही चपला कधीच घालत नव्हतात. कायम घट्ट नाडीचे बूट, तेही पुढे चिंध्या कोंबून. भांडुपच्या कारखान्यात कळलं तर मशीनवरून काढतील, ही तुमची धास्ती मला ठाऊक होती. म्हणून मी गप्प बसले.

बाहेर आलो. तुम्ही तिला पाणी पाजत होतात. छत्री आत राहिली म्हणून मी परत गेले. पाच मिनिटांनी डॉक्टर स्वतः दारात आले आणि म्हणाले, "बाबा, जरा बूट काढता?" तुम्ही बाकावर बसून कितीतरी वेळ नाडी सोडत होतात. तुमचा पाय पाहून धाकटी म्हणाली, "अय्या, माझ्यासारखाच!" तुम्ही तिला जवळ घेतलंत आणि ढसाढसा रडलात.

तिच्या पायातली नस कापावी लागली नाही. कारखान्यातही कुणाला कळलं नाही. पुढे जन्मभर तुम्ही त्या डॉक्टरांचे गोडवे गायलात, "नुसत्या चालण्यावरना वळखल्यान! काय नजर!" मी मान डोलवायचे.

बाबा, छत्री माझ्या हातातच होती.