चिपळूणला न पोचलेली वार्ता

अहो,

पाच महिने तुमच्याशी मनातल्या मनात बोलले. आज लिहायला बसले, कारण आईंच्या फोननंतर खोटं बोलायचं बळच उरलं नाही.

तुम्ही गेलात त्या दिवशी भावजींनी चिपळूणहून बजावलं, "वहिनी, आईला इतक्यात कळू देऊ नका. तिला सोसायचं नाही." आपल्याकडे म्हाताऱ्या माणसांपासून असंच लपवतात ना! मी हो म्हटलं. तेव्हापासून आईंच्या लेखी तुम्ही फुजैराला जहाजावर आहात आणि तिथे फोन लागत नाही.

समोरच्या फ्लॅटमधली ग्रेस आठवते? सेबू बेटावरची नर्स, तुमच्या हातच्या कालवणावर जीव टाकणारी. ड्युटीवरून आली की दारातूनच विचारते, "बलिता?" म्हणजे, काय बातमी? तिच्या देशातले तगालोग बोलणारे आणि तिचे सेबुआनो बोलणारे, दोघांचाही हाच शब्द. परवा शोधून वाचलं, तर तो मूळचा आपल्याकडचा निघाला! कुणी म्हणतं वार्ता, कुणी म्हणतं वृत्त. मलय भाषेत त्याचं 'बेरिता' झालं आणि तिथून समुद्रापलीकडच्या त्या बेटांवर 'बलिता'. तुम्हाला सांगायला उठलेच होते मी. असं अजून होतं.

मग ग्रेसलाच सांगितलं. ती म्हणाली, "वर्ड इतना दूर आया मॅडम, और तुम मम्मी को अभी तक नहीं बोला?"

राग आला मला. हिला काय कळतंय आपल्या घरातलं?

आज आईंचा फोन आला. आवाज अगदी बारीक. "सुनंदा, खरं सांग. गणपतीला आला नाही म्हणून मी त्याला टाकून बोलले, तेच मनात धरलंय का गं त्याने? म्हणावं, म्हातारी चुकली. ओरड हवं तर, पण एकदा बोल."

काय केलं हो आम्ही हे? त्यांच्यासाठी तुम्हाला जिवंत ठेवलं, तेही आईवर रुसलेलं!

तुम्ही तर तो फोन ठेवून हसत होतात. "म्हातारीच्या आवाजात अजून जोर आहे," म्हणालात. हे त्यांना का नाही सांगितलंत? दुसऱ्या दिवशी एक फोन करायचा होतात!

शुक्रवारच्या विमानाने निघतेय. भावजी चिडतील, चिडोत. आईंजवळ बसेन, हात हातात घेईन. तुम्ही हसला होतात, हे आधी सांगेन. मग दुसरं.

तुमची,
सुनंदा
अल मजाज, शारजा