भाऊबीजेचा पाट

१७ ऑक्टो., वसुबारस
पेपरच्या दिवाळी पुरवणीचं शेवटचं पान दुपारी छापायला सोडलं. नगरहून एसटी, मग नेवाशाच्या अलीकडे आमच्या वस्तीवर आले. वहिनीनं दार उघडलं. दादाला, माझ्या एकुलत्या भावाला, जाऊन चार महिने. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून चुलतभाऊ सोपाननं त्याच्या डोक्यात फावडं घातलं, तिच्या डोळ्यांदेखत. ती बातमी माझ्याच टेबलावर आली होती: 'किरकोळ कारणावरून'. ते दोन शब्द खोडले. बाकी तशीच सोडली. पान वेळेत गेलं.

१८ ऑक्टो.
सोपान जामिनावर सुटलाय. भिंतीपलीकडेच घर. खोकला ऐकू येतो. दादासारखाच खोकतो, हरामखोर.
यंदा दोन्ही घरांत कढई चढायची नाही. भावकी एक, दुःख एक. मारणाऱ्याच्या घरीसुद्धा वर्षभर तळण नाही.

२० ऑक्टो., नरकचतुर्दशी
आंघोळ झाली की नरकासुर म्हणून करिटाचं कडू फळ फोडायचं. एकच. वहिनीनं पाटीभर आणलेली. अंगणात मांडून टाचेनं चिरडत गेली.
"बास, वहिनी. एक पुरतं."
"तुला पुरत आसंल."
टाच फाटली. रस, रक्त, बिया, तुळशीपर्यंत. मग मीही फोडली. सात. बरं वाटलं. लिहायला लाज वाटते, पण वाटलं.

२१ ऑक्टो., लक्ष्मीपूजन
सकाळीच भिंतीवरून चकलीचा वास. वहिनी उठली, मी मागे. काकू, सो.ची आई, चुलीपुढे. "पोरगं लई दिसांनी घरचं खातंय गं..."
वहिनीनं कढईला लाथ घातली. उकळतं तेल काकूच्या पायांवर. सो. धावत आला, वहिनीचे केस धरले. मी त्याच्या मनगटाला चावले. दात हाडाला लागले. त्यानं हात उगारला नाही, नुसता ओरडत होता, "ताई, सोड. ताई."
याला आम्ही बातमीत 'बाचाबाची' म्हणतो.

२२ ऑक्टो., पाडवा
काकू लंगडत आली, पायांना फडकी. "दिवाळीमागं कोर्टाची तारीख हाय. उद्या सोप्याला ओवाळ. तू ओवाळलंस तर गाव म्हनंल मिटलं. मग तुजी वहिनी बी जबाब फिरवंल."
म्हणाले, दादाचं वर्ष व्हायचंय, ओवाळणं नाही. हाकलणारच होते. आतून वहिनी: "यू द्या त्याला."
काकू गेल्यावर म्हणाली, "ओवाळून झालं की तुज्या पाया पडाय वाकतो ना? दर साली वाकतो. तू निस्ती उभी ऱ्हा. मी दाराआड हाय."
मी तबक, निरांजन काढून घासायला घेतलं.

२३ ऑक्टो., भाऊबीज
पाट मांडला. खुंटीवर नेहमीचा कोयता नव्हता.
सो. आला, टोपी घालून. मनगटावर माझे दात. कुंकू लावलं, ओवाळलं. तो वाकला, टोपी पडली. डोक्यात दोन भोवरे, दादासारखेच. दाराचा पडदा हलला.
तबक हाणलं त्याच्या कानशिलावर, होती नव्हती ती ताकद लावून. आडवा कोसळला. वहिनीचा कोयता पाटात रुतला. सो.नं तो बघितला, मग मला. रक्त पुसत पळाला.
"मारलंस का वाचवलंस?" वहिनी.
मी तबक उचललं.
भाऊ नसलेलीनं चंद्राला ओवाळायचं असतं. तबक चेपलंय, निरांजन उभं राहत नाही. अंगणात वहिनी कोयता दगडावर घासतेय. उसासाठी, म्हणते. आमच्या उसाला अजून तोड आलेली नाही.