सोमारीसाठी प्रार्थना

४ फेब्रुवारी २०२४, रविवार

सोमारीच्या पोटात गाठ आहे. गडचिरोलीच्या दवाखान्यात कापून काढणार.

आज चर्चमध्ये उपासनेनंतर मंडळीला सांगितलं, बायकोसाठी प्रार्थना करा. सगळे म्हणाले, पत्रूभाऊ, तुमच्या घरी देव वाईट होऊ देणार नाही. बरं वाटलं. खरंच, मी कुणाचं काय वाईट केलं? दारूला शिवलो नाही, तंबाखूचा खर्रा खाल्ला नाही, रविवार चुकवला नाही. सोमारी मात्र मोहफुलांच्या दिवसांत रविवारीही पहाटे टोपली घेऊन जंगलात जाते, आणि उपासनेला उशिरा येते – पायाची माती तशीच! किती वेळा बोललो. म्हणते, "फूल का सोमवारची वाट पाह्यते?"

तिला काही झालं तर?

७ फेब्रुवारी

दवाखान्यात भरती केलं. शेजारच्या खाटेवर मूल गावच्या गिरजाबाई. त्यांचे मालक वामनराव आणि मुलगा अश्वजित सोबत आहेत. बौद्ध मंडळी. डबा आणला तो आधी आम्हाला वाढला.

सोमारीनं माझी ओळख करून दिली – "हे माहे बुढे. आपल्या तर आपल्या, मच्छराच्या तब्येतीचीबी काळजी करते."

सगळी खोली हसली. मीही हसलो. पण औषधाची चिठ्ठी तीनदा खिशात पाहिली.

८ फेब्रुवारी

रक्त लागणार. मी हात पुढे केला, तर वयामुळे नको म्हणाले. अश्वजित न विचारताच उठला आणि देऊन आला. चहा पिऊन आल्यासारखा.

मी म्हटलं, गावाहून घरचा तांदूळ पाठवतो. तो म्हणाला, "काऊन बाबाजी? मी इकलं का तुमाले?" तरी मी दोनदा म्हटलं. वामनराव हसले, "घ्या न भाऊ. तुमाले नुसतं घेताच येत नाई का?"

तेव्हापासून डोकं फिरलं आहे. वामनराव म्हणतात, आम्ही देव मानत नाही. तेही दारू पीत नाहीत, खोटं बोलत नाहीत. वर पोरानं परक्या बाईला रक्त दिलं. माझ्याजवळ जे आहे ते सगळं त्यांच्याजवळ आहे, जास्तच आहे. मग माझ्याजवळ ख्रिस्ताचं म्हणून काय आहे?

९ फेब्रुवारी

आत नेण्याआधी सोमारीनं माझं बोट धरलं. "माह्यासाठी प्रार्थना करा. तुमच्या तोंडानं."

मी 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' म्हटलं. पूर्ण होऊ दिलं तिनं. मग म्हणाली, "हे तर सर्वाईची झाली. तुमची करा."

सुचेना. म्हटलं – प्रभू, आम्ही व्यसन केलं नाही, कमाईचा दशांश चुकवला नाही...

ती पोट धरून हसली. "अजी, त्याले माह्यी गाठ सांगा! आपला हिशोब काऊन सांगून राह्यले?"

तेवढ्यात न्यायला आले. जाता जाता तिनंच डोळे मिटले. "बापा, या बुढ्याले लय भेव लागून राह्यलं. पाह्यजो याच्याकडे."

माझ्यासाठी! कापणार होते तिला.

१० फेब्रुवारी

शुद्धीवर आली. पहिला शब्द – "जेवले का?"

११ फेब्रुवारी, रविवार

आमच्या चर्चचे पाळक दिनेश कुरखेड्याहून भेटायला आले. तरुण आहेत. त्यांना जिन्यात गाठलं. म्हटलं, चाळीस वर्षं मंडळीत आहे, मला प्रार्थना का येत नाही? ते गोंधळले. म्हणाले, "काका, तुमचं तर आम्ही दुसऱ्यांना उदाहरण देतो." मग म्हणाले, एखादा उपास करून पाहा. म्हणजे पुन्हा काहीतरी करायचंच!

संध्याकाळी सोमारीलाच विचारलं, तू कशी गेलीस देवाकडे?

म्हणाली, "आपलं पहिलं लेकरू गेलं तवा. चांगली होती म्हणून नाई गेली. कोठीच जायले जागा नव्हती, म्हणून रडत गेली. अजूनबी तशीच जातो. तुमी आंघोळ करून, धुतले कपडे घालून जाता. मंग बोलणं कसं होईन?"

मी वामनरावांचं विचारलं – देव न मानता तेही चांगलेच, मग आपलं वेगळं काय?

"चांगले हायेत न ते लोक. तुमीबी चांगले. त्याच्यात का वाद? पण माहेरी कोणी आपला चांगलेपणा दाखवाले जाते का? बाप हाये म्हणून जाते."

एवढं बोलून तिला धाप लागली. मी पाणी पाजलं. पुढे विचारलं नाही.

१४ फेब्रुवारी

घरी आलो. आल्या आल्या तिनं वाल खाणाऱ्या शेळीला शिव्या घातल्या. एरवी मी तिला टोकतो. आज ओसरीवर बसून ऐकत राहिलो. किती दिवसांनी घर घरासारखं वाटलं.

१७ फेब्रुवारी

गाठ तपासायला पाठवली आहे, ती का, हे विचारायचं राहिलं. झोप नाही. सोमारी घोरते आहे.

२१ फेब्रुवारी

गाठ वाईट निघाली. नागपूरला न्या म्हणतात.

तिला सांगितलं. खाटेपाशी जमिनीवर बसलो. अंघोळ झाली नव्हती, सदरा कालचाच होता. एवढंच आलं तोंडातून – "बापा, मले काईच येत नाई. हिले राहू दे."

सोमारी म्हणाली, "आमेन."