पाच सेकंद थांबा

३ मार्च, सोमवार
आजपासून रोजनिशी. तुझी सुरुवात कशी झाली, असं पुढेमागे कुणी विचारलं तर तारीख चुकायला नको.
मेहुण्याने आज एक टूल दाखवलं. त्याला लांबलचक लिंक द्यायची, ते बोटभर करून देतं. ती छोटी लिंक कुणी दाबली की त्याला आधी पाच सेकंद जाहिरात बघावी लागते. बघणार तो, पैसे आपल्याला. आपण लोळत पडलो तरी पैसे!
तू स्वतः किती कमावलेस, असं बायकोने त्याला विचारलं. म्हणाला, अजून वेळच मिळाला नाही. मला वेळच वेळ आहे. मी दातांच्या दवाखान्यात काउंटरवर बसतो.

४ मार्च
खातं उघडलं. पहिली लिंक हवामानाची, घरच्या ग्रुपवर टाकली. बाबांनी ताबडतोब दाबली. आई गेल्यापासून ते गावी एकटेच असतात, फोन कायम हातात. लगेच त्यांचा फोन. एक बाई गादी विकतेय, घेऊ का? म्हटलं, काही घ्यायचं नाही. दाबायचं, पाच सेकंद थांबायचं, फुली मारायची. मला पैसे मिळतात. एवढंच? त्यांनी विचारलं. एवढंच. म्हणाले, मग दाबतो की.
संध्याकाळी कमाई दिसायला लागली. दशांशचिन्हानंतर बरीच शून्यं आहेत, पण शेवटी चार आहे. चार म्हणजे चार.

६ मार्च
धडाका. बिल्डिंगच्या ग्रुपवर 'फरशी चकचकीत कशी ठेवावी' आणि 'घोरणं थांबवण्याचे सोपे उपाय' अशा लिंका टाकल्या. वरच्या मजल्यावरच्या गृहस्थांनी विचारलं, हे मला उद्देशून आहे का? मी नाही म्हटलं. त्यांनी ग्रुप सोडला. एक गिऱ्हाईक गेलं.
संकल्प: यापुढे घोरण्याचा विषय नको.

९ मार्च, रविवार
टूलमध्ये ग्राफ असतो हे आज कळलं. काय ग्राफ आहे! रेघ नुसती वर, वर, वर. याच वेगाने वर्षअखेरीला मी आमच्या डॉक्टर मॅडमच्या पुढे असेन.
या कमाईतून येणाऱ्या नव्या सोफ्याला जागा हवी म्हणून जुना सोफा देऊन टाकला. नेणारे दोघं चटकन आले. फुकट म्हटलं की लोकांना किती उरक असतो.
संध्याकाळी बायको आली. ती लहान मुलांना पोहायला शिकवते, दिवसभर पायांवर उभी. पिशवी खांद्यावर तशीच ठेवून रिकाम्या भिंतीकडे बघत राहिली. मग विचारलं, बसायचं कुठे? मी ग्राफ दाखवला. ती जमिनीवर बसली, ग्राफ नीट पाहिला आणि म्हणाली, रेघ वर जातेय खरी, पण बाजूच्या आकड्यांत दशांशचिन्हानंतर किती शून्यं आहेत ते बघ. पोहण्याच्या धंद्यात ग्राफ नसतात. तिचा दोष नाही.

१२ मार्च
सकाळी दात घासताना सुचलं. मोठ्या कल्पना अशाच येतात, तोंडात फेस असताना.
पेशंटना अपॉइंटमेंट पक्की करायचा मेसेज मीच पाठवतो. त्यात लिंक असते. लांब! ती छोटी केली. आता गावातला प्रत्येक किडका दात माझ्यासाठी राबणार.

१३ मार्च
आरशासमोर राजीनाम्याची तालीम केली. नम्र राहायचं ठरवलं. 'मॅडम, आज मी जो काही आहे तो तुमच्यामुळे.' तिसऱ्यांदा म्हणताना स्वतःलाच भरून आलं. बायकोने दार ठोठावलं, तिला आंघोळीला जायचं होतं.

१५ मार्च
दवाखान्यात शुकशुकाट. मॅडमनी विचारलं, मेसेज गेले ना? म्हटलं, गेले, आणि लोकांनी दाबलेही. अगदी खरं सांगितलं. मॅडम म्हणाल्या, कमाल आहे.
मलाही कमाल वाटली. दातांचं दुखणं एकदम कमी कसं झालं?

१७ मार्च
उलगडा झाला. रूट कॅनॉल अर्धवट राहिलेल्या एक निवृत्त शिक्षिका त्यांचा एक्स-रे मागायला आल्या. मॅडमना सगळ्यांसमोर म्हणाल्या, तुम्ही नवी शाखा काढलीत ते बरं केलंत, तिथे पार्किंग छान आहे. मेसेजमधली लिंक दाबली तर हसरा डॉक्टर आला, 'दात दुखतोय? आजच या, पहिली तपासणी मोफत.' खाली पत्ता होता. बाई सरळ तिकडे गेल्या. चौकापलीकडच्या दवाखान्यात. आमचे बरेच पेशंट तिकडेच भेटले म्हणे, अगदी ओळखीचं वातावरण.
मॅडमनी माझ्याकडे बघितलं. त्या कधी आवाज चढवत नाहीत. एवढंच म्हणाल्या, "उद्यापासून मेसेज बंद. एकेकाला फोन करायचा. आधी माफी मागायची, मग वेळ विचारायची. एकही पेशंट परत आला नाही, तर तुम्हीही येऊ नका."
नोकरी जवळजवळ टिकली. राजीनामा तूर्त पुढे ढकललाय, त्यांना दुहेरी धक्का नको.

१९ मार्च
दिवसभर माफी. घसा बसला. एक गृहस्थ म्हणाले, तिकडची खुर्ची मऊ आहे. पण शिक्षिका परत येतायत, आणि त्यांच्यासोबत बहीणही. आमच्या मॅडमचा हात हलका आहे म्हणाल्या. म्हणजे माझ्यामुळे एक पेशंट वाढला!
आणि संध्याकाळी, अखेर, पैसे काढण्याची किमान रक्कम पूर्ण! बटण दाबलं. बायकोला म्हटलं, सोफ्याचा रंग सांग. ती प्लॅस्टिकच्या खुर्चीवर पाय चोळत होती. म्हणाली, आधी येऊ देत.

२१ मार्च
ईमेल आला. खातं बंद. कमाई जप्त. कारण: जवळपास सगळे क्लिक एकाच फोनवरून, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. त्यांनी त्याला फसवणूक म्हटलंय.
फोन कुठला, हे ईमेलमधलं गावाचं नाव वाचूनच कळलं.
बाबांना फोन लावला. कडक शब्द तयार ठेवले होते. पहिल्याच रिंगला उचलला. मी विचारण्याआधीच हिशेब देऊ लागले. चहा झाला की सगळ्या लिंका एकदा दाबतात, जेवण झालं की पुन्हा, मग दिवेलागणीपर्यंत जमेल तशा. डोळे चुरचुरतात, पण पाच सेकंद प्रामाणिकपणे मोजतात. एवढं कशाला, मी विचारलं.
"तू इतक्या वर्षांत काही मागितलंच नाहीस रे," बाबा म्हणाले. "आणि हे मला जमत होतं."
कडक शब्द कुठे गेले कोण जाणे. खातं बंद झाल्याचं सांगितलं नाही. बायकोचा आणि माझा एक फोटो पाठवला. नुसता फोटो, लिंकबिंक नाही.
मिनिटभरात बाबांचा फोन. आवाजात काळजी. म्हणाले, फोटो दाबल्याबरोबर उघडला. काही बिघडलंय का?