इम्पालाच्या लपवलेल्या तारा

८ मार्च, रविवार
काल लिहिलं ते चूक. एसीचा गंजलेला कॉम्प्रेसर बाबांनी काढला असं लिहिलंय. काढला मी — बाबांनी टॉर्च धरला आणि सूचना केल्या. आईने स्वयंपाकघराच्या टेबलावर घरीच शिकवलं मला. तिच्या शाळेत चूक खोडायची नसते, खाली बरोबर लिहायचं असतं. म्हणून हे.

बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, म्हणून ईस्टरला निघणाऱ्या गाड्यांच्या मिरवणुकीत आमची त्रेसष्ट सालची इम्पाला या वर्षी चुलतभाऊ एलोय चालवणार. ठरलंय. मी शेजारी बसणार. मला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी बहुधा नकोच म्हणाले असते, आमचं सगळं एस्पान्योला गाव बघत असतं. तरी विचारायला हवं होतं.

१४ मार्च, शनिवार
बॉनेटखाली नुसतं जंगल होतं. एक तार तर कुठून निघत नव्हती आणि कुठे जातही नव्हती! आता जुन्याच्या जागी नवा अल्टरनेटर, नवा रेडिएटर, विजेचा पंखा. आणि सगळ्या तारा मडगार्डच्या आतून — बाहेर एकही दिसत नाही.

एलोय वाकून बघत राहिला. "देल्फिना, हे इंजिन आहे की चर्चमधली वेदी? मेणबत्ती लावू का?"

आई म्हणाली, "घरातली कपाटंही अशीच आवर की."

२० मार्च, शुक्रवार
पहिल्याच किल्लीला चालू झाली. बाबा काठी टाकून नाचायला निघाले, आईने दटावून बसवलं. तेल गळतंय का, परत परत जाऊन बघितलं. नाही गळत.

२८ मार्च, शनिवार
एलोय गाडी चिमायो गावापर्यंत फिरवून आणायला गेला. थोड्याच वेळात फोन.

"बंद पडली. तारा कुठे आहेत?"

"मडगार्डच्या आत."

"कुठल्या? बाई, मला इथे फक्त चकचकीत इंजिन दिसतंय, आणि त्याच्यात माझं तोंड."

मी बाबांना पिकअपमध्ये बसवून तिथे गेले. बॉनेट उघडं, एलोय कमरेवर हात ठेवून उभा. येणारे-जाणारे थांबून इंजिनाचे फोटो काढत होते. मदत कोणी करत नव्हतं. डाव्या मडगार्डच्या आत हात घातला, न बघता तार सापडली. पत्र्याच्या कडेवर घासून उघडी पडली होती. तार जाते त्या भोकाला रबर बसवायचं मी विसरले. दोघांना तसं सांगितलं. चिकटपट्टी गुंडाळली, नवा फ्यूज बसवला, झाली चालू.

बाबा म्हणाले, "आजोबांच्या वेळेपासून आपल्याकडे एकच नियम. रस्त्यात बंद पडली तर जो तिला घरी आणू शकतो, त्याने स्टिअरिंग धरायचं. या तारांचा पत्ता आता फक्त तुला ठाऊक आहे, पोरी."

एलोयने किल्ली पुढे केली. "घे बाई. मला आंधळा करून ठेवलंयस तू."

मी म्हटलं, तुला नकाशा काढून देते.

"मिरवणुकीत नकाशा वाचत बसू?"

किल्ली घेतली. मग परत त्याच्या हातात दिली. गाडी घरी त्यानेच आणली. बाबा रागावले नव्हते, ते जास्त लागलं.

३० मार्च, सोमवार
एकूण एक भोकाला रबर बसवलं. मग नकाशा काढायला बसले, लाल तारा लाल पेन्सिलीने, निळ्या निळ्याने. आई मागे येऊन उभी राहिली.

"छान काढतेस. गाडी चालवावी लागू नये म्हणून एवढी मेहनत?"

निळी पेन्सिल खाली ठेवली.

१ एप्रिल, बुधवार
नकाशा अर्धाच राहिला. एलोयला सांगितलं — मिरवणुकीत तू शेजारी बसायचं, रेडिओला हात लावायचा नाही. "बरं, मॅडम," म्हणाला आणि किल्ली टेबलावर ठेवून गेला. बाबांना अजून माहीत नाही.

५ एप्रिल, ईस्टरचा रविवार. स्टिअरिंगवर मी.